बांधापासून बांधापर्यंत

फुकट काम करणाऱ्या माणसावर मेलितोन कालिसायाचा कधीच विश्वास नव्हता. मागणारा माणूस निदान काय मागतोय ते कळतं. काहीच न मागणारा काय उचलून नेईल याचा नेम नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्यामुळे बटाट्याची काढणी उरकत आली असताना शहरातून चार आर्किटेक्ट चोकेपाम्पात उतरले, शाळेच्या खोलीत पथाऱ्या टाकल्या आणि ‘आम्ही मजुरी घेत नाही, गावासाठी संगणक केंद्र बांधून द्यायला आलोय’ म्हणाले, तेव्हा सगळ्यात आधी त्याच्याच मनात पाल चुकचुकली.

“मजुरी न्हाई, पगार न्हाई. मग ह्यांची प्वाटं कशावर भरत्यात?” त्यानं बायकोला विचारलं.

बासिलिया दारात बसून बटाटे निवडत होती. गारठ्यानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत काळी माती कायमची जाऊन बसली होती. “आपल्या सुपावर,” ती म्हणाली. “त्यांची ती बाई काल दोन वाडगी पिऊन गेली. वर ग्वाड लागलं म्हनाली.”

“तू हस. कालुयोत बी असंच ग्वाड लागलं व्हतं.”

कालुयो म्हणजे डोंगरापलीकडचं गाव. तिथंही अशीच टापटीप माणसं मोजायच्या फिती घेऊन आली होती, लोकांचं सूप प्यायली, पोरांना गोळ्या वाटल्या, दगडांवर लाल रंगाच्या खुणा केल्या आणि गेली. पुढच्या थंडीत गावाच्या वरच्या कुरणाला खाणीचं फाटक लागलं. आता कालुयोच्या मेंढ्या दुसऱ्याच्या दारात चरतात आणि माणसं शिव्या खातात. मेलितोननं ते फाटक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. 

आणि यंदा तर त्याला जमिनीचा घोर होताच. खालची दोन्ही शेतं गोठलेल्या दहिवरानं जाळली होती. पाला एका रात्रीत काळा पडला, आणि बासिलिया निवडत होती ते त्यातलेच सुपारीएवढे बटाटे. उरलं होतं ते डोंगराच्या कुशीतलं शेत. गावाच्या रिवाजाप्रमाणे ते बरीच वर्षं पडीक ठेवून विसावलं होतं, मेंढ्यांच्या लेंड्यांनी पोसलं होतं, आणि येत्या पेरणीला त्याची पाळी होती. शेजारी झरा, पाठीला डोंगर, वारा नाही, दहिवर नाही. शिवाय ते विल्फ्रेदोला द्यायचं होतं. विल्फ्रेदो म्हणजे त्यांचा एकुलता पोरगा. एल आल्तो शहरातल्या एका कारखान्यात विजारी शिवायचा. कारखाना बंद पडला होता आणि तो गरोदर बायकोला घेऊन पेरणीच्या सुमारास घरी येणार होता. पोरगा लग्न करून आला की बापानं त्याला जमीन दाखवायची असते. दाखवण्यासारखी मेलितोनकडे तेवढी एकच होती.

त्याच शेतात तिसऱ्या दिवशी ती आर्किटेक्टबाई उभी होती.

हिमेना तिचं नाव. तिशीची असेल, उन्हानं नाकाची सालं निघालेली, गळ्यात फीत. मेलितोन बांधाआड बसून बघत राहिला. तिनं एक रिबीन हवेत धरली. रिबीन हललीच नाही. मग ती खाली बसली, मूठभर माती उकरली, पाण्याचा शिंतोडा मारून तिचा गोळा केला, दाबून बघितला आणि थोडी माती पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. पिशवी तिच्या खिशात गेली. कालुयोतूनही आधी मातीच गेली होती.

तो उठला. “काय हरवलं का बाई?”

“अय्या, ताता मेलितोन! नाही हो, जागा बघतेय.” ती हसली. वडीलधाऱ्या माणसाला गावात ‘ताता’ म्हणतात, ते तिनं उचललं होतं. “इथे वाराच लागत नाही. किती छान! संगणकांना धूळ आणि गारठा चालत नाही ना. इथे जाड भिंती घालायच्या, उत्तरेकडे काचा लावायच्या, इकडे सूर्य त्याच अंगाला असतो. दिवसभर ऊन आत घ्यायचं, रात्रभर खोली ऊबदार.”

“यंत्रास्नी ऊब?”

“आणि मुलांनाही.”

मेलितोनच्या घराच्या दाराला अजून गोणपाट होतं.  “आनि माती कशापायी घेतली?”

“विटांना चालेल का ते बघायला.”

तिनं उत्तर इतकं चटकन दिलं की त्याला ते पाठ केल्यासारखं वाटलं. चटकन उत्तर देणाऱ्यांचाही त्याला संशय यायचा आणि विचार करून देणाऱ्यांचाही. त्यामुळे त्याच्याशी बोलणाऱ्याची तशी पंचाईतच होती.

रविवारी शाळेच्या मैदानात गावसभा बसली. पुरुष दगडांवर, बाया जमिनीवर, मध्ये पसरलेल्या फडक्यावर चघळायच्या कोकाच्या पानांचा ढीग. यंदाचा गावप्रमुख सेवेरो तिकोना. हा मेलितोनचा कोंपाद्रे, म्हणजे विल्फ्रेदोला बारशाला मांडीवर घेतलेला धर्मपिता. नातं असं जवळचं, पण झऱ्याच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची कुरबुर कायमची.

हिमेनानं मोठा कागद पसरून गाव काढलं होतं. केंद्राला दोन जागा चालतील, ती म्हणाली. एक मैदानाला लागून असलेलं सेवेरोचं शेत. तिथं वारा फार, भिंती जास्त जाड घालाव्या लागतील. दुसरी डोंगराच्या कुशीतली. तिनं बोट ठेवलं, आणि सगळ्या माना मेलितोनकडे वळल्या.

“ती चांगली,” हिमेना म्हणाली. “पण तुम्ही सगळे ठरवाल तसं.”

सेवेरो पान चघळत होता. “कोंपाद्रे, तुमचं काय म्हननं? त्या बदल्यात गाव तुमाला खालच्या अंगाला तेवढीच जमीन दील.”

खालच्या अंगाला, म्हणजे दहिवरात.  यात पाणी मुरतंय हे मेलितोनला लख्ख दिसलं. बाईच्या बोटाला वाट दाखवणारा सेवेरोच असणार. स्वतःचं शेत राखायचं आणि झऱ्याकाठचा शेजारी उठवायचा. पण गावसभेत ‘माझी जमीन देत नाही’ असं तोंडावर म्हणणारा माणूस पुढं गावात कुणाच्या मदतीला पात्र राहत नाही. त्यानं फडक्यावरची दोनच पानं उचलली, गालात धरली आणि उभा राहिला.

“माजी ना न्हाई,” तो म्हणाला. “पन तितं वीज पडलीया.”

 कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याला आईनं छातीशी दाबलं.

“कवा?” म्हातारी प्रिमितिवा म्हणाली. गावात कोणाचा जन्म, कोणाचं मरण, कोणता विधी कसा, सगळं तिला विचारून व्हायचं.

“मागल्याच्या मागल्या पावसाळ्यात. माजी काळी मेंढी तितंच मेली. तितंच पुरली म्या.”

मेंढी खरोखर तिथं मेली होती आणि पुरलीही होती. ओला पाला खाऊन पोट फुगून मेली होती, एवढाच फरक. बायांनी हातातली पानं खाली ठेवली. वीज पडलेली जमीन तात सान्तियागोची होते. विजेचं नाव म्हणजे त्याचंच नाव; त्याच्या हातात आभाळाचा चाबूक. तिथं नांगर घालायचा नाही, घर बांधायचं नाही. घातला तर माणूस लुळा पडतो, आणि त्या घरच्या पोटुशीला ओठ फाटलेलं पोर होतं. चोकेपाम्पात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आर्किटेक्टांनी हसण्यावारी नेलं असतं तर बरं झालं असतं. मेलितोनची तीच अपेक्षा होती. मग थोडी वादावादी झाली असती आणि विषय सेवेरोच्या शेताकडे सरकला असता. पण हिमेनानं डोक्यावरची टोपी काढली. “मला माफ करा ताता,” ती म्हणाली. “मी न विचारता तिथली माती उचलली. आज परत नेऊन ठेवते. विजेची जागा किती आहे? म्हणजे कुठून कुठपर्यंत सोडायची?”

हे त्यानं धरलंच नव्हतं. एक कोपरा म्हणावं, तर ही उरलेल्यात बांधेल. अर्धं म्हणावं, तर अर्ध्यात.

“समदं,” तो म्हणाला.

सेवेरोनं चघळणं थांबवलं. “समदं, कोंपाद्रे? नीट आठवा. एवढ्या रानात वीज यका ठिकानी पडती.”

नंतर मागं वळून बघताना मेलितोनला वाटायचं, की त्या माणसानं माघारीला दार उघडं धरलं होतं. पण त्या वेळी त्याला त्यात फक्त डाव दिसला.

“बांधापासून बांधापर्यंत,” तो म्हणाला आणि खाली बसला. बायांच्या घोळक्यात बासिलियानं शालीचा पदर तोंडावर ओढून घेतला.

केंद्र सेवेरोच्या शेतात उभं राहू लागलं. थंडीचे कोरडे महिने सगळं गाव पाळीपाळीनं मातीच्या विटा पाडत होतं. प्रत्येक घरानं आपला वाटा द्यायचा, तसा मेलितोननंही दिला. पेंढा आणि चिखल तुडवताना गुडघ्यापर्यंतचे पाय बधिर व्हायचे, मग उन्हात आले की टाचांतून कळा निघायच्या. काम करता करता त्याची नजर मात्र दुसरंच शोधायची. पायाचा खड्डा नको तितका खोल तर जात नाही? लाल रंगाचा डबा कुठे आणला आहे का? त्या चौघांतल्या उंच पोराच्या तिपाईवरच्या यंत्रातून डोंगरच का दिसतो? एकदा तर पायाच्या खड्ड्यात उतरून, धातूची चव लागते का म्हणून त्यानं खडा चाटून पाहिला. काही सापडलं नाही. न सापडल्यानं त्याचा संशय आणखीनच पक्का झाला; चांगलं लपवलंय म्हणायचं.

दुपारी सगळ्यांची जेवणं एकत्र. बाया आपापल्या गाठोड्यातलं एका लांब फडक्यावर ओततात. उकडलेले बटाटे, भाजलेला मका, सुकं मांस, आणि मग ज्याला जे हवं ते तो उचलतो. बासिलियानं नेहमीप्रमाणे मेंढीच्या दुधाचं चीज ठेवलं. तिचं चीज म्हणजे पोरं भांडायची त्यावर. त्या दिवशी फडकं साफ झालं, मक्याचा दाणा उरला नाही, आणि मधोमध पांढरं चीज तसंच्या तसं. पोरांचे हात त्याला वळसा घालून जात होते.

“तुमच्या मेंढ्या तितंच चरत्यात न्हवं,” प्रिमितिवा हळूच म्हणाली. “वाईट वाटून घिऊ नगं पोरी.”

बासिलियानं चीज परत बांधलं.  घरी आल्यावर म्हणाली, “मेंढी फुगून मेली व्हती. पोटात सुरी म्या घातली व्हती, हवा जावी म्हनून.”

“मला म्हाईत न्हाई व्हय?”

“मग सांग जा की तितं.”

“केंद्राला छप्पर चढू दे. एकदा तितं छप्पर चढलं की हितली भीती गेली. मग बगू.”

पण छपराआधी दगड आले. एका सकाळी मेलितोन मेंढ्या घेऊन निघाला, तर ती चौघं आर्किटेक्ट आणि गावातली पोरं त्याच्या शेताच्या उघड्या बाजूला दगडांची रांग लावत होती आणि चुन्यानं पांढरी करत होती. हिमेनाच्या हाताला चुन्यानं फोड आले होते.

“आम्ही जाण्याआधी एवढं करायचं ठरवलं,” ती म्हणाली. “म्हणजे उद्या रस्तावाले येवोत, खाणवाले येवोत, कुणी चुकूनही पाय ठेवणार नाही.”

खाणवाले हा शब्द तिच्या तोंडून ऐकून मेलितोन चरकला. मग त्याला कळलं, की ही बाई त्याच्याच भीतीपासून त्याला वाचवतेय. आभार मानायचे म्हणून त्यानं मान हलवली. त्याच्या मेंढ्या पांढऱ्या रांगेपाशी थबकल्या आणि एका पोरानं दगड मारून त्या खालच्या वाटेला वळवल्या.

विल्फ्रेदो आणि त्याची बायको नोएमी आले तेव्हा केंद्राला छप्पर चढलं होतं आणि आत संध्याकाळी दिवे दिसायचे. नोएमीला सातवा लागला असावा. ती शहरात वाढलेली, पण आईबाप डोंगरातलेच. पेरणीच्या आधी मेलितोन बैल मागायला सेवेरोकडे गेला. दर वर्षी बैल सेवेरोचे, मेंढ्या कातरायला हात मेलितोनचे, अशी त्यांची परतफेड कित्येक वर्षं चालत आलेली.

सेवेरो दारात दोर वळत होता. “कुटल्या रानाला?”

“वरच्या.”

दोर वळायचा थांबला. “माजी जनावरं लुळी करता का कोंपाद्रे?”

“सेवेरो, तुला म्हाईत हाय.”

“मला काय म्हाईत हाय? मला एवढंच म्हाईत हाय, की म्या माजं रान दिलं. खालच्या अंगाला बदली घेतली. माज्या रानावर काय वीज पडली न्हवती.” त्यानं दोराला पुन्हा पीळ घातला. “बैल खालच्या शेताला कवाबी न्या.”

मेलितोननं त्याच रात्री ठरवलं, आणि येत्या रविवारी तो सभेत उभा राहिला. या खेपेला सभा केंद्रात होती, कारण बाहेर वारा सुटला होता. जाड भिंतींच्या आत खरोखरच ऊबदार होतं. त्या उबेचाही त्याला राग आला. काचा बसवायचं राहिलेलं काम उरकायला हिमेना परत आली होती; ती खिडकीपाशी उभी होती.

“म्या खोटं बोललो,” तो म्हणाला. “वीज पडली न्हाई. मेंढी प्वाट फुगून मेली. जमीन जाईल म्हनून बोललो.”

 सगळ्या गावासमोर असं उघडं पडायचं, तेही पोराच्या देखत. त्याला वाटलं, आता हसतील, शिव्या देतील, दंड म्हणून दोन दिवस जास्तीचं काम लावतील. ते सगळं सोसायची त्याची तयारी होती.

कुणी हसलं नाही. प्रिमितिवा पुढं सरकली.

“तात सान्तियागोचं नाव घिऊन खोटं बोललास म्हनतोस,” ती म्हणाली, “आनि अजून दोन पायांवर हुबा हायस?”

“व्हय.”

“मग तवा तरी खोटं बोललास, न्हाईतर आता. आता पेरनी आली, खालचं रान जळालंया, पोरगा आलाया. आता तुला ते रान पायजे. माज्या मतानं मानूस पायजे असलं की खोटं बोलतो.”

“तवा बी पायजेच व्हतं!” मेलितोन ओरडला.

“हं. म्हंजे खरं काय ते नांगर घातल्यावरच कळंल,” सेवेरो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा होता की काळजी, ते मेलितोनला ओळखता आलं नाही. “कोन घालतंय? हात वर करा.”

हात एकही वर झाला नाही. मेलितोननं पोराकडे पाहिलं. विल्फ्रेदो बायकोच्या पोटाकडे बघत होता.

तेवढ्यात हिमेना पुढं आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “मला बोलायचा अधिकार नाही,” ती म्हणाली, “पण ताता मेलितोनांना हे कोण बोलायला लावतंय? एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर स्वतःला खोटारडा म्हणवून घेतोय. त्यांच्यावर कुणाचा दबाव असेल तर ते चुकीचं आहे.” तिनं सरळ सेवेरोकडे पाहिलं. “केंद्राला जागा मिळाली. आता ती विजेची जागा कुणीही मागू नये. गरज पडली तर मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन सांगेन.”

“बाई, कुनाचा दबाव न्हाई,” मेलितोन म्हणाला. “म्या खरंच—”

“घाबरू नका ताता.” तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आम्ही तुमच्या बाजूनं आहोत.”

सभेनं ठरवलं: शेत आहे तसंच राहील. सगळ्यांना हायसं वाटलं. ज्या ज्या माणसावर आयुष्यभर त्यानं विश्वास ठेवला नव्हता, त्या प्रत्येक माणसानं त्या दिवशी त्याचा शब्द मानला, फक्त चुकीचा.

विल्फ्रेदो आठवडाभर राहिला. बाप रोज समजावत होता. मेंढीची गोष्ट, सुरीची गोष्ट. पोरगा ऐकून घ्यायचा. शेवटी एकदा म्हणाला, “तात, माजा इस्वास हाय. खरंच हाय. पन पोराचा ओठ फाटलाच, तर म्या नोएमीला काय सांगू?”  सकाळच्या गाडीनं ती दोघं शहराकडे परत गेली. बासिलियानं दिलेलं चीज नोएमीनं घेतलं, पण मांडीवर न ठेवता गाडीच्या टपावर चढवायला दिलं.

दुसऱ्या दिवशी मेलितोननं पायनांगर खांद्यावर टाकला. हा पायानं दाबायचा नांगर बैलांशिवाय चालतो, पण माणसं दोन लागतात. एकानं ढेकूळ उचकटायचं, दुसऱ्यानं हातानं ते उलटं करायचं. बासिलिया बियाण्याचं गाठोडं घेऊन मागोमाग आली आणि पांढऱ्या दगडांपाशी आल्यावर बाहेरच बसली.

“तू तर येशील?” तो म्हणाला. “सुरी तूच घातली व्हतीस.”

“मेंढी कशानं मेली ते मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “पन नाव तू त्याचं घेतलंस. आता ते रान त्याचं न्हाई, असं कशावरनं?”

तो एकटाच आत गेला. पाय रोवून त्यानं दाब दिला. विसावलेली माती लोण्यासारखी फुटली, काळी, ओली, लेंड्यांच्या वासाची. इतकी चांगली माती त्यानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ढेकूळ उचकटून तो नांगर सोडायचा, पुढं जाऊन वाकून ढेकूळ उलटायचा, परत मागं यायचा. कंबर धरली. एक सरी झाली, दुसरी अर्धी झाली, आणि त्याला गाणं म्हणावंसं वाटलं.

तेव्हा खूप लांब, डोंगरापलीकडच्या तळ्याच्या बाजूला, आभाळ गुरगुरलं.

ह्या दिवसांत ते गुरगुरायचंच. त्यानं वर न बघता आणखी एक ढेकूळ उचकटलं. पुन्हा गुरगुरलं, या वेळी डोंगराच्या अलीकडं. सेवेरोच्या शेतातल्या केंद्रावर ऊन होतं, आणि काचेशी दोन-तीन पोरं नाक लावून इकडं बघत होती. मेलितोननं बायकोकडे पाहिलं. तिनं हाक मारली नाही, हातानंही बोलावलं नाही.

इथं कधीही वीज पडलेली नाही, हे साऱ्या चोकेपाम्पात खात्रीनं ठाऊक असलेला तो एकटा माणूस होता. त्यानं पाय नांगरावर ठेवला. पाय दाबेना. त्याला भीती वाटली, लहान पोराला वाटते तशी, पोटातून. तो नांगर तिथंच टाकून, उलटलेल्या ढेकळांवरून घाईघाईनं पांढऱ्या दगडांपलीकडं आला.

बासिलियानं बियाण्याचं गाठोडं बाजूला सरकवलं आणि त्याला बसायला जागा केली.